पॅकेजची तोडणी-वाहतूक

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या माणसाला जाहीर झालेल्या दराने भुलवता येत नाही. केंद्र सरकारने २०२५-२६च्या हंगामासाठी उसाला टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला, तेव्हा नीरा डाव्या कालव्याच्या काठावर कुणी टोपी उडवली नाही. पहिला प्रश्न आला, कितीच्या उताऱ्याला? सव्वादहा टक्क्यांच्या. मग आपल्या कारखान्याचा उतारा किती? त्यातून तोडणी-वाहतुकीचे आठशे-हजार गेले की राहतं काय? पहिली उचल कितीची, दुसरा हप्ता कधी, दिवाळीला काही सुटणार का, ठेवीची कपात परतीची की बिनपरतीची? आणि एवढं सगळं समजल्यावरही शेवटचा संशय शिल्लक असतो तो काट्याचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा खासगी बारामती अ‍ॅग्रो, या सगळ्यांचे अंतिम दर तोंडपाठ असलेला गृहस्थ इथे कुठल्याही पानटपरीवर भेटतो. निमगाव केतकीच्या पानाला चुना लावेपर्यंत तो शेजारच्या कारखान्याने जास्तीचे शंभर रुपये कुठल्या खात्यातून काढले हे समजावून सांगतो आणि पान तोंडात गेल्यावर ते पुढच्या वर्षी कसे वसूल होणार हे खुणेनं सांगतो.

हाच गृहस्थ परदेशातल्या पोराच्या पगाराचा विषय निघाला की एकदम भाविक होतो. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीप्रमाणे मे २०२४मध्ये तिथल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यम वार्षिक पगार १,३३,०८० डॉलर होता. म्हणजे निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना याहून कमी. डॉलर नव्वद रुपयांच्या घरात आहे. गुणाकार चावडीवर तोंडी होतो : एक कोटी वीस लाख. या आकड्यानंतर कुणी काही विचारत नाही. उतारा काय, वजावट किती, हप्ते कसे, काटा कुठला, एकही प्रश्न येत नाही. टनाला पन्नास रुपयांसाठी वार्षिक सभेत माईक हिसकावणारा सभासद कोटीच्या आकड्यापुढे हात जोडून उभा राहतो आणि अहवाल एकमताने मंजूर होतो. माझं म्हणणं असं, की उसाच्या बिलाला लावतो ती अक्कल पॅकेजला लावावी. लावली, की पगारातली तफावत बरीच आक्रसते आणि परदेशातल्या नोकरीत खरोखर हेवा करण्याजोगं जे आहे ते पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलंच नसतं, हे दिसू लागतं.

तर करू या बिल. समजा, हा मध्यम पगाराचा तरुण एकटा आहे आणि कॅलिफोर्नियात आहे. संघराज्याचा आयकर एकवीस हजार डॉलरच्या आसपास, राज्याचा आठ-नऊ हजार, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के म्हणजे दहा हजार. हातात पडले नव्वद हजार. बे एरियात एका खोलीच्या फ्लॅटला महिना अडीच-तीन हजार डॉलर भाडं, म्हणजे वर्षाला तीस ते छत्तीस हजार. गाडी, गाडीचा विमा, पोटाचा खर्च, विमा असूनही खिशातून जाणारा दवाखाना आणि वर्षातून एकदा बारामतीला येण्याचं तिकीट, यात पंचवीस हजार कुठे जातात ते कळत नाही. शिल्लक राहिले तीस हजार डॉलर. रुपयांत सत्तावीस लाख. एक कोटी वीस लाखांतून तोडणी-वाहतुकीला त्र्याण्णव लाख गेले. एवढी कपात एखाद्या कारखान्याने दाखवली असती तर संचालक मंडळाला गव्हाणीत उतरवलं असतं. आणि हा हिशोब एकट्याचा आहे. बायको व्हिसाच्या नियमामुळे घरी बसलेली आणि पोर पाळणाघरात, असं चित्र असेल तर पाळणाघराचेच महिन्याला दोन हजार डॉलर आणि वर होतात. तेव्हा शिल्लक रुपयांत न मोजता समाधानात मोजण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या २०२३च्या निकषाप्रमाणे सॅन फ्रान्सिस्कोत वर्षाला १,०४,४०० डॉलरपर्यंत मिळवणारा एकटा माणूस अल्प उत्पन्न गटात मोडत होता. आपल्या गुणाकाराने ते चौऱ्याण्णव लाख होतात. चौऱ्याण्णव लाखांवर केशरी शिधापत्रिकेला पात्र ठरवणारा गाव जगात आहे, आणि त्याच गावाच्या नावाने इकडे लग्न जुळवताना हुंडा न मागण्याचा मोठेपणा दाखवला जातो.

सोशल सिक्युरिटीच्या कपातीवर थोडं थांबायला हवं, कारण सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाइतकं ती कुणालाच कळणार नाही. तिचा लाभ मिळायला साधारण दहा वर्षं पैसे भरावे लागतात. एच-१बी व्हिसाची मूळ मुदत सहा वर्षांची. सहा वर्षांनी परत आलेल्या माणसाचे पैसे तिथेच राहतात, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. जर्मनी, नेदरलँड्स, जपान यांच्याशी आहे; अमेरिकेशी नाही. ही शुद्ध बिनपरतीची ठेव. इथे टनामागे दहा-वीस रुपयांची बिनपरतीची ठेव कापली तर तालुकाभर पत्रकं निघतात. तिथे दरवर्षी हजारो डॉलर अमेरिकी म्हाताऱ्यांच्या पेन्शनला जातात आणि इकडचा म्हातारा पोराने अमेरिका जिंकली म्हणून सत्यनारायण घालतो.

पॅकेजचा एक भाग शेअरचा असतो आणि तिथे तर आपल्या चळवळींचा इतिहास आठवून डोळे भरून येतात. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. राज्य सरकारने हे पैसे दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली तेव्हा शेतकरी संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५मध्ये न्यायालयाने एकरकमीच्या बाजूने निकाल दिला. एवढी लढाई ज्यांनी पाहिली ते लोक पोराला मिळालेल्या शेअरवर पेढे वाटतात. हे शेअर बहुतेक ठिकाणी चार वर्षांत तुकड्यांनी मिळतात, पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत एकही हातात येत नाही, आणि मधेच नोकरी गेली तर उरलेले कंपनीच्या खात्यात परत. शिवाय चार वर्षांनी भाव काय असेल ते बाजार ठरवणार. असा प्रस्ताव एखाद्या चेअरमनने भवानीनगरच्या सभेत मांडून पाहावा : ऊस यंदा घाला, पैसे चार वर्षांत घ्या, दर आम्ही नंतर सांगू, आणि मधे सभासदत्व सोडलं तर विसरून जा. सभेचा मांडव दुसऱ्या दिवशी शोधावा लागेल.

मग जॉइनिंग बोनस. ही तर सरळ उचल आहे : वर्षाच्या आत सोडून गेलात तर परत द्यायची. पोराला व्हिसावर नेऊन तिसऱ्याच कंपनीत बसवणारे आणि दर तासाच्या कमाईतून आपला वाटा काढणारे जे सल्लागार असतात, त्यांना इंग्रजीत फार सुंदर नावं आहेत. आपल्याकडे या कामाला मुकादमी म्हणतात. पण ही तुलना मी इथेच सोडतो. बीडहून येऊन पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या कोयत्याच्या जोडीला आजारी पडल्याची रजा नसते, आणि वातानुकूलित खोलीतल्या अभियंत्याने तिच्याशी आपली बरोबरी सांगावी इतका विनोद मला झेपत नाही.

कुणी म्हणेल, एवढं बारकाईनं अमेरिकेचं बिल फाडलंत, पुण्याचं कोण फाडणार? रास्त आहे. पुण्याच्या पॅकेजची वजावट जास्त मनोरंजक आहे, कारण ती पगारात मिळवून दाखवलेली असते. कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी पॅकेजमध्ये. नियमित नोकरीत पाच वर्षं टिकलात तरच मिळणारी ग्रॅच्युइटीही पहिल्या दिवसापासून पॅकेजमध्ये. मिळेलच असं नाही तो कामगिरीचा भत्ता पॅकेजमध्ये. ऑफिसात फुकट मिळणारी कॉफी अजून मोजलेली नाही, ही एचआरची नजरचूक समजावी. मोठ्या आयटी कंपन्यांत नवशिक्याचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास एका दशकाहून जास्त काळ ठाण मांडून आहे. त्या काळात उसाचा दर वाढला, दुधाचा वाढला, हिंजवडीतलं भाडं तर विचारू नये. आठ-दहा वर्षं अनुभवाचा माणूस चोवीस लाखांच्या पॅकेजवर असेल तर कर, निधी आणि घराचा हप्ता जाऊन वर्षाला आठ-नऊ लाख मागे पडले तरी त्याचं कौतुक करावं. म्हणजे चावडीवर पाचपट वाटणारी तफावत शिलकीत तीनपट होते. फ्लेक्सवर मात्र या दोन्हींतलं काहीच दिसत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फ्लेक्सवर ‘सर्वोच्च पॅकेज’ झळकतं, म्हणजे एका मुलाचा पगार. तालुक्यातला सर्वांत जास्त एकरी उतारा एका शेतकऱ्याने शंभर टनांच्या वर काढला म्हणून सगळा तालुका शंभर टनांचा आहे, असं इथे शेंबडं पोरही म्हणत नाही.

आता मुख्य आक्षेप. तीनपट तर तीनपट, ती काय थोडी आहे? थोडी नाही. वर्षाला अठरा-एकोणीस लाखांचा फरक म्हणजे जिरायत पट्ट्यातल्या घराला कर्जातून वर काढणारी रक्कम आहे. बारामती आणि इंदापूरच्या टोकाला जिथे कालव्याचं पाणी पोचत नाही, तिथून एक मुलगा बाहेर जाऊन पाच वर्षांत बहिणीचं लग्न, विहीर, पाइपलाइन आणि सोसायटीचं कर्ज मिटवतो. त्याच्यापुढे माझ्या लेखाची काहीच मातब्बरी नाही. पण यातच हिशोबाचा एक गुप्त सांधा आहे. डॉलरला नव्वद रुपयांचा भाव मिळतो तो बारामतीत खर्च होणाऱ्या डॉलरला. तिथेच खर्च होणाऱ्या डॉलरला वस्तूंच्या मापाने पाहिलं तर वीस-बावीस रुपयांचीच किंमत आहे. जागतिक बँकेची क्रयशक्तीची मोजणी साधारण तेच सांगते. म्हणून गुणाकार फक्त शिलकीला लावायचा असतो, आणि तोही ती शिलक घरी येणार असेल तरच. पहिल्या दोन वर्षांत पोरगा चौघांत एक फ्लॅट घेऊन राहतो, डाळ-भात करतो आणि भरपूर पाठवतो. मग लग्न होतं, मग मोठी गाडी येते, मग चांगल्या शाळेचा भाग, मग तिथलंच घर. पगार वाढत जातो आणि नव्वदने गुणायचा भाग कमी होत जातो. दहाव्या वर्षी त्याचा पगार रुपयांत सांगणं म्हणजे सोलापूरच्या माणसाची उंची फुटांऐवजी गुंठ्यांत सांगण्यासारखं आहे. गावातले लोक तरी ती गुंठ्यांतच सांगतात, कारण अजून धाकट्याचं लग्न व्हायचं असतं.

लग्नाचा बाजार हा या सगळ्या चुकीच्या गणिताचा खरा अडता आहे. डिसेंबर २०२२मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न जमत नाही म्हणून मुंडावळ्या बांधलेल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. वीस एकर बागायतीचा मुलगा घोड्यावरून मोर्चात आणि एच-१बीवाला भाडेकरू मांडवात, अशी सध्याची वाटणी आहे. बायोडाटात पॅकेजचा रकाना असतो, देशाचा असतो, सुट्टीचा नसतो. त्यामुळे जर्मनीतल्या मुलावर फार अन्याय होतो. तो अमेरिकावाल्याहून कमी मिळवतो. एकट्याच्या पगारातून कर आणि विमा मिळून पस्तीस-चाळीस टक्के कापले जातात. त्याच्या आईला चारचौघांत आकडा हळू आवाजात सांगावा लागतो. पण आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्यानेच वर्षाला किमान वीस दिवसांची भरपगारी रजा आहे, आणि बऱ्याच कंपन्या पंचवीस-तीस देतात. आजारी पडला तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. बायको कमावत नसेल तर ती आणि मुलं सरकारी विम्यात त्याच्याच हप्त्यावर बसतात. अमेरिकेत भरपगारी वार्षिक रजा द्यायलाच हवी असा देशाचा कायदाच नाही. कंपनीने दिली तर तिचा चांगुलपणा. इटलीत ऑगस्टमध्ये अर्धा देश कुलूप लावून समुद्रावर जातो. त्या इटलीची पिआज्जो बारामतीत आली, फेरेरो आली, स्कूटर आणि चॉकलेट दोन्ही इथे तयार होऊ लागलं. ऑगस्टभर गाव बंद ठेवण्याची रीत मात्र कस्टममध्ये अडकली असावी.

आणि इथून माझ्या खऱ्या मुद्द्याला सुरुवात होते. परदेशात राहून आलेल्या माणसाला काय आवडलं विचारा. तो आधी डॉलर सांगेल, पण चहाचा दुसरा कप झाला की साडेपाचला ऑफिस रिकामं होण्याची गोष्ट सांगेल. साहेबाला नावाने हाक मारण्याची गोष्ट सांगेल. बारामतीत ‘साहेब’ म्हटल्यावर कोण ते सांगावं लागत नाही, पण आपल्या कंपन्यांत प्रत्येक मजल्यावर असे चार-चार साहेब असतात आणि ते निघाल्याशिवाय खालचा माणूस खुर्ची सोडत नाही. काम संपलेलं असतं. हजेरी चालू असते. घरी पोचल्यावर रात्री दहाला फोन येतो, आणि तो उचलला नाही तर वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘बांधिलकी कमी’ असा शेरा येतो. परदेशात हे अजिबात घडत नाही असं नाही, पण तिथे असा फोन करणारा ओशाळतो. आपल्याकडे न उचलणारा ओशाळतो. वर्षाला अठरा लाखांचा फरक एकीकडे आणि हा एक फरक दुसरीकडे ठेवला तर बरेच जण कुठे झुकतील, याचा अंदाज परत न येणाऱ्यांच्या कारणांवरून करता येतो.

या फोनवर औषध शोधण्याचा मान आपल्याच मतदारसंघाचा आहे. इंदापूर ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येतं तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-मेल न घेण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४मध्ये आला. आपल्याकडे खासगी विधेयकांचा इतिहास पाहता स्वातंत्र्यानंतर चौदाच मंजूर झाली आणि शेवटचं १९७०मध्ये. म्हणजे ज्याने कुणी रात्रीचा फोन बंद ठेवण्याची तयारी केली असेल त्याने चार्जर जवळ ठेवावा. यातली गंमत वेगळीच आहे. ज्या प्रदेशात रोहित्र जळाल्यापासून जावयाच्या बदलीपर्यंत कुठल्याही कामासाठी लोकप्रतिनिधीला कुठल्याही वेळी फोन करणं हा मतदाराचा वंशपरंपरागत हक्क मानला जातो, त्याच प्रदेशातून हे विधेयक जावं, यात थोडं आत्मकथन असावं असा मला संशय आहे.

या हक्काच्या विरोधातला युक्तिवाद वजनदार माणसांकडून येतो. ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा नव्वदवर नेला आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारलं. म्हणणं असं, की जर्मनी श्रीमंत आहे म्हणून तिला सुट्ट्या परवडतात. गरीब देशाने आधी राबावं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण याचं उत्तर कालव्याकाठच्या शेतकऱ्याकडे आहे. एकोणिसाव्या शतकात नीरेचा डावा कालवा आला आणि पाणी जास्त तितका ऊस जास्त, असा समज इथे रुजला. पाट रात्रंदिवस चालू राहिले आणि कालव्याकाठची चांगली काळी जमीन खारवून चोपण झाली. पुढे ठिबक आलं. आज बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतात उसाला कधी आणि किती पाणी हवं ते कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते, आणि कमी पाण्यात जास्त ऊस हा त्या प्रयोगाचा दावा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकड्यांप्रमाणे भारतीय कामगार आठवड्याला सरासरी ४६.७ तास काम करतो आणि निम्म्याहून जास्त लोक एकोणपन्नास तास किंवा त्याहून अधिक राबतात. पाणी कमी पडतंय अशी परिस्थिती नाही. पाट फुटून बांधाबाहेर चाललंय. पुण्यात तर कामाला पोचण्यातच पाणी मुरतं : २०२४च्या टॉमटॉम वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथं संथ शहर होतं, दहा किलोमीटरला तेहतीस मिनिटं. उसाने भरलेले दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढे निघून जाईल. (बारामतीच्या मोरोपंतांनी रामायणाच्या १०८ आवृत्त्या लिहिल्या असं सांगतात. पन्हाळ्यावर जन्मलेला हा माणूस नोकरीसाठी बारामतीला स्थलांतरित होऊन बाबूजी नाईकांच्या पदरी राहिला होता, पण त्यांच्या हजेरीचं रजिस्टर ठेवल्याचा उल्लेख कुठे नाही.)

दुसऱ्या बाजूचा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. परदेशातली ही रीत वरवरची आहे, आतून कोरडी आहे. नावाने हाक मारू देणारा साहेब नावानेच काढूनही टाकतो. बरोबर आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये मेटाने अकरा हजार माणसं कमी केली, जानेवारी २०२३मध्ये गुगलने बारा हजार. आदल्या दिवशी ‘आपण एक कुटुंब’ आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडेना. एच-१बीवाल्याला त्यानंतर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर घर, गाडी, शाळा सगळं गुंडाळून देश सोडायचा. साखर कारखान्याच्या हंगामी कामगाराला बिगरहंगामात घरी बसल्याबद्दल रिटेन्शन भत्ता तरी मिळतो आणि गाळप सुरू झालं की तो पुन्हा आपल्या जागेवर असतो. शिवाय कायमच्या वास्तव्याच्या ग्रीन कार्डाची रांग आहेच. भारतीयांसाठीच्या एका मोठ्या वर्गात २०१३च्या सुमारास नाव लावलेल्यांचा नंबर २०२५मध्ये येत होता. आपल्या आडसाली उसाला तोड यायला अठरा महिने झाले की गट ऑफिसला टाळं ठोकण्याची भाषा सुरू होते. इथे बारा वर्षं उभा ऊस, आणि तक्रार करायला चिटबॉयसुद्धा नाही. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, म्हणजे वेशीवरचा काटाही आता वेगळा झाला. पण या सगळ्यातून पुण्यातल्या साहेबाचा रात्री दहाचा फोन समर्थनीय कसा ठरतो ते मला कळलेलं नाही. नोकरी जाण्याची भीती इथेही आली आहे. टीसीएसने जुलै २०२५मध्ये बारा हजारांहून जास्त माणसं कमी करण्याचं सांगितलं. भीती आयात झाली, सुट्टी झाली नाही, एवढाच बदल.

म्हणून निकाल द्यायचा तर असा : एकटा असेल, डोक्यावर कर्ज असेल आणि परतायचं ठरलेलं असेल, त्याने अमेरिकेला जावं आणि पाचव्या वर्षी बिल मांडून बघावं. बायकापोरांसकट राहायचं असेल त्याने जर्मनीचा कमी आकडा हसत घ्यावा. आणि जो पुण्यात राहणार आहे त्याने तीनपट शिलकीचा हट्ट सोडून उरलेल्या गोष्टी मागाव्यात, कारण त्या स्वस्त आहेत. नव्वद दिवसांची नोटीस तीसवर आणायला डॉलर लागत नाही. सुट्टीवरच्या माणसाला फोन न करणं हे तर चक्क बचतीचं कलम आहे. अवघड तंत्रज्ञान इथे येत नाही अशी सबब तर इंदापूर तालुक्यात सांगूच नये; वालचंदनगरच्या कारखान्याने साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या भागांपर्यंत सगळं केलं. मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर बारामतीच्या उसाची मुळं तपासायला आलं आणि २०२५च्या सुरुवातीला सत्या नडेलांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. रेडमंडहून सॉफ्टवेअर इथल्या फडात पोचतं, तर साडेपाचला घरी जाण्याची पद्धत हिंजवडीपर्यंत यायला काय हरकत आहे?

तोवर दोन विनंत्या. इंजिनिअरिंग कॉलेजांनी फ्लेक्सवर एका मुलाचं सर्वोच्च पॅकेज छापण्याऐवजी सगळ्या मुलांच्या हातात महिन्याला सरासरी किती पडतात ते छापावं. साखर कारखाने वार्षिक अहवालात सरासरी उतारा छापतात, तेवढाच हा प्रामाणिकपणा. आणि स्थळ बघायला जाणाऱ्या मंडळींनी पॅकेज विचारून झाल्यावर पोहे संपायच्या आत आणखी दोन प्रश्न विचारावेत : वर्षाला सुट्ट्या किती, आणि रात्री जेवताना फोन येतो का?